मुरड

तळघरात उतरताना तिसरी पायरी वाजते.
ती वाजते म्हणूनच वर बापाला कळतं, मी खाली गेले.

टेबलाला बोल्टांनी जखडलेला प्रेस,
त्याच्या दांड्याचा काळा गोळा
बापाच्या तळव्याने घासून घासून गुळगुळीत.
कॉफीच्या लाल डब्यात पितळी पुंगळ्या,
गेल्या हंगामात झाडलेल्या, धुतलेल्या, पुसलेल्या,
एकेक मोजून एका लांबीला कापलेल्या.
लांबी सारखी नसेल तर मुरड सारखी पडत नाही.
हे त्याने मला नवव्या वर्षी सांगितलं,
इतक्यांदा सांगितलं
की बाकीचं बरंच सांगायचं राहून गेलं.

खिडकी जमिनीलगत. तिच्यातून दिसतात
मॉन्टानाच्या गव्हाची खुंटं, त्यांवर भुरभुरलेला ऑक्टोबरचा बर्फ
आणि शेजारच्या लाव्हर्न टोफ्टच्या पिकअपची
फक्त चाकं.

बंदूक जुनी, लिव्हरची.
तिच्या नळीखालच्या नळीत काडतुसं एका रांगेत झोपतात,
मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला. म्हणून नाकं चपटी.
पहिलं उडालं की उरलेल्यांना हिसका बसतो,
आणि पुंगळीने गोळीला नीट धरलेलं नसेल
तर गोळी मागे सरकते, आत,
दारूवर जाऊन बसते.

म्हणून मुरड.
गोळीच्या कमरेला एक बारीक खाच असते,
पुंगळीचा ओठ तिच्यात वळवायचा.
दांडा खाली येतो, तळाशी किंचित अडतो,
जणू पलीकडून कुणी दार धरलंय,
तिथे अजून एक केसभर,
आणि थांबायचं.
जास्त झाली तर पितळ खांद्याशी फुगतं,
मग ते काडतूस बंदुकीत शिरतच नाही.
"कोपराने नाही, मनगटाने," बाप म्हणायचा.

वर स्वयंपाकघरात त्याच सुमारास आई
हकलबेरीच्या पायची कड अंगठ्याने मुरडत असायची.
तिला एकदा विचारलं, किती दाबायचं?
म्हणाली, रस बाहेर येणार नाही इतकं.
मग म्हणाली, थोडा येऊ द्यायचा.

खिळ्याला मासेमारीच्या दोऱ्याने बांधलेली वही.
पेन्सिलीने तारखा, वारा, अंतर.
"एक हरिणी, घळीच्या तोंडाशी. स्वच्छ."
"लाव्हर्न चुकला. काही बोललो नाही."
चाळीस वर्षांत कुठेही "मला वाटलं" असं नाही.
फक्त एका मार्चमध्ये,
जेव्हा शिकार नसते, जेव्हा इथे कुणी काडतुसं भरत नाही,
दोन ओळी:
"आर्डिस सकाळी गेली.
मुरड घट्ट पडली. वीसच्या वीस वाया."

त्या दिवशी घर भरलेलं होतं.
चर्चच्या बायका झाकलेली भांडी ठेवून जात होत्या,
कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून तळाला चिकटपट्टीवर नावं.
मी सगळ्यांना विचारत होते, बाबा कुठेत?
पायरी वाजली होती.
ऐकलं होतं मी. जिन्यापर्यंत गेले नाही.

या फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत रक्त अडलं
आणि शब्द आत कुठेतरी जाऊन बसले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही परत येतील.
कोणते, ते त्यांना सांगता येईना.
तो टीव्हीवर गव्हाचे भाव बघतो.
चष्मा मी पुसते.

रविवारी हंगाम सुरू होतोय.
आज मी वीस भरली, एकटीने,
आणि एक घेऊन वर गेले.
त्याने ते डाव्या हातात घेतलं, त्याच हातात आता जीव आहे,
उजेडाकडे धरलं,
मग नख पुंगळीच्या ओठावरून ओढलं,
हळू, खालून वर,
आणि पुन्हा वरून खाली.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

मग आठ महिन्यांत पहिल्यांदा, स्पष्ट,
माझ्याकडे न बघता:
"ढिली."

मी ते त्याच्या हातातून घेतलं.
तिसरी पायरी वाजली.
खाली अजून एकोणीस होती.